रणगाडा लपवावा कसा: बुटीबोरीच्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुम्ही रणगाडा घेतला. प्लास्टिकचा, साडेआठ इंची, शेकडो सुट्या तुकड्यांत, परदेशातून आलेला आणि कस्टमची ड्युटी भरून सोडवलेला. घरी किंमत सांगितली नसेलच. सांगूही नका. विचारलंच तर ‘ऑफरमध्ये होता’ म्हणा.

आता ध्येय नीट समजून घ्या. पुढचे चार महिने तुम्ही हा रणगाडा असा रंगवणार आहात, की तो उसाच्या फडात उभा केला तर शत्रूला दिसू नये. त्यानंतर तुम्ही तो काचेच्या शोकेसमध्ये ठेवून वर एलईडीची पट्टी लावणार आहात, म्हणजे पाहुण्यांना दिसावा. या दोन वाक्यांत तुम्हाला काही खटकत असेल तर हा छंद तुमचा नाही, तुम्ही आपली आयपीएल बघा. खटकत नसेल तर पुढे वाचा. तुमच्यात गुण आहेत.

जागेची चिंता करू नका. नागपूरहून वर्धा रोडनं पंचवीस-तीस किलोमीटरवरचं बुटीबोरी या कामासाठीच वसवलं आहे, असं समजा. एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले आहेत, हायवेवर ट्रक रंगवणारे पेंटर आहेत, चौकात रेडियमवाला आहे आणि धूळ तर सरकार पुरवतं. परदेशातले लोक रणगाड्यावर टाकायची धूळ डबीत भरून विकत घेतात, हे इथे कुणाला सांगू नका. उद्या तिच्यावरही जीएसटी लागेल.

१. रणगाडा निवडा

नवशिका माणूस हमखास जर्मन टायगर घेतो. घेऊ नका. त्या संचांत बऱ्याचदा इंजिनावर अंथरायचा झेंडाही येतो. आपल्याच विमानांनी वरून बॉम्ब टाकू नयेत म्हणून जर्मन तो खरोखर अंथरत. तो बघून आजी विचारणार, ‘स्वस्तिक तिरपं काऊन काढलं रे?’ आणि पुढचे दोन तास तुम्ही दुसरं महायुद्ध समजावत बसाल.

आपण ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन घेऊ. तोही आपल्या फौजेतल्या पूना हॉर्स रेजिमेंटचा, ‘फामागुस्ता’ नावाचा. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरचं एक बंदर. १९७१च्या भारत-पाक युद्धात, १६ डिसेंबरला, शकरगडच्या आघाडीवर बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येत होते. फामागुस्ताला गोळा लागून आग लागली, रणगाडा सोडून मागे येण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे म्हणून ते थांबले आणि लढता लढता तिथेच गेले. मरणोत्तर परमवीर चक्र. तो रणगाडा आज अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

अंगावर काटा आला? येऊ द्या, पण लवकर आवरा. नवशिके इथेच अडकतात. त्या मुलाच्या वयाचा विचार करत बसतात, घशात काहीतरी दाटतं, आणि संध्याकाळ वाया जाते. मुरलेला छंदी हा मजकूर एका दमात संपवतो आणि मूळ प्रश्नाकडे वळतो: तो हिरवा नेमका कुठला होता?

२. प्रमाणाबद्दल कडक राहा

तुमचा रणगाडा १/३५ प्रमाणात आहे. म्हणजे खऱ्यावरचे पस्तीस सेंटिमीटर तुमच्याकडे एक सेंटिमीटर. या प्रमाणावर श्रद्धा ठेवा. कुणी १/३२चा सैनिक शेजारी ठेवला तर मान फिरवा. कुणी १/३६ म्हणालं तर त्या घरात चहा घेऊ नका.

हे पस्तीस आलं कुठून, ते मात्र विचारू नका. विचारलंतच, तर ऐका. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीला पॅंथर रणगाड्याचं खेळणं काढायचं होतं, मोटरवर चालणारं. आत सेल बसले पाहिजेत. सेल बसतील एवढं मोठं खेळणं केलं, मग मोजलं, तर प्रमाण १/३५च्या आसपास भरलं. जगभरातले हजारो प्रौढ पुरुष आज ज्या आकड्यासाठी एकमेकांशी बोलणं सोडतात, तो दोन सेलांच्या जाडीतून आलेला आहे. ही माहिती मिळाल्यावर एक मिनिट शांत बसा. मग पुन्हा कडक व्हा.

३. ऋतू निवडा

बुटीबोरीत रंगकामाला तीन ऋतू आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की ॲक्रिलिक रंग बाटलीतून निघतो आणि रणगाड्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. ब्रशवर वाळतो, एअरब्रशच्या टोकाला वाळतो, कधी कधी हवेतच वाळून रणगाड्यावर रव्यासारखा पडतो. हा परिणाम मुद्दाम केला असं सांगायची सवय लावून घ्या. उपाय म्हणून कूलर लावाल, तर खोलीत दमटपणा येईल आणि लॅकरवर पांढरट धुकं धरेल. कूलर बंद केलात तर तुम्हीच वाळाल. पावसाळ्यात ते धुकं कूलरशिवायच मिळतं, वर लाइट जाते. हिवाळ्यात हवा अगदी उत्तम असते. म्हणूनच नात्यातली सगळी लग्नं तेव्हा निघतात.

एअरब्रशला हवा लागते साधारण पंधरा-वीस पाउंडाची. चौकातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे, भाऊ ओळखीचा आहे, हे सगळं खरं. तरी जाऊ नका. तो कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरात शंभर पाउंडावर हवा भरतो. त्याला जोडलेला एअरब्रश रंग मारत नाही, गोळीबार करतो.

४. प्राइमर

प्राइमर मारा. का, ते विचारू नका. एमआयडीसीतला माणूस आपसूक रेड ऑक्साइड घेऊन येईल. तो गेट आणि ग्रिलसाठी असतो. करड्या रंगाचा बारीक स्प्रे घ्या आणि लांबूनच, हलक्या हातानं मारा. जाड थर बसला तर तोफेवरचे सगळे बारीक नटबोल्ट बुजतील. तेच तर तुम्ही दोन रात्री जागून चिमट्यानं चिकटवले होते. रडू नका. रडल्यानं ॲक्रिलिक पातळ होतं.

५. हिरवा शोधा

हे प्रकरण मोठं आहे. पाणी पिऊन या.

युद्धानंतरच्या ब्रिटिश वाहनांचा ठरलेला रंग म्हणजे डीप ब्रॉन्झ ग्रीन, ब्रिटिश मानकातला २२४ नंबर. सेंच्युरियन कारखान्यातून याच रंगात निघत. आता बसून घ्या: हा रंग चकचकीत होता. शत्रूपासून लपायचं वाहन आणि त्याला ग्लॉस पेंट! तुम्ही मात्र आयुष्यभर मॅट रंगासाठी भांडणार आहात, कारण चकचकीत रणगाडा ‘खरा वाटत नाही’.

तो कारखान्यातला रंग. पुढे आपल्या फौजेत त्यावर किती वेळा, कशाचे, कुठल्या डब्यातले हात फिरले, हे कळायला तुमच्याकडे साधन एकच: जुने फोटो. तेही बहुतेक काळे-पांढरे. घाबरू नका, हे तुमच्या फायद्याचं आहे. रंगीत फोटो असता तर वाद मिटला असता, आणि वाद मिटला की छंद संपला. काळा-पांढरा फोटो समोर धरा, डोळे बारीक करा आणि ठामपणे म्हणा, ‘यात पिवळ्याची झाक आहे.’ कुणी विचारलं कसं कळलं, तर फक्त हसा.

या ठामपणाला मोठी परंपरा आहे. १९४०-४१मध्ये उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे मटिल्डा रणगाडे तिरप्या सरळ रेषांच्या तीन रंगी पट्ट्यांत रंगवलेले असत. सिदी बरानीला आपली चौथी हिंदी डिव्हिजन याच मटिल्डांच्या सोबतीनं लढली. त्या तीन रंगांतला एक आकाशी निळा, असं जगभरच्या छंदींनी काही दशकं छातीठोक सांगितलं, संचांच्या खोक्यांवर छापलं, हजारो मटिल्डांना आकाशी पट्टे ओढले. नंतर कागदपत्रं तपासली तर तो होता रुपेरी करडा. आकाशी रंगवलेल्यांपैकी कुणीही आपला रणगाडा पुन्हा रंगवल्याचं ऐकिवात नाही. फक्त खोलीतला दिवा बदलला असं म्हणतात.

तेव्हा हिरवा ठरवायच्या तीन पद्धती सांगतो.

पहिली, परदेशी बाटली. तामियाची एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब मागवा, पोचेपर्यंत वाट बघा, झाकण उघडा आणि तो रंग अमेरिकन आहे हे लक्षात येऊन दुसरी मागवा.

दुसरी, देशी. बुटीबोरीच्या पेंट दुकानात जाऊन ‘डीप ब्रॉन्झ ग्रीन द्या’ म्हणालात तर दुकानदार शेडकार्ड पुढे सरकवेल आणि विचारेल, ‘कंपनी कोणती? गेट हाय का मशीन?’ इथे सगळे आयएस ५ या भारतीय मानकाच्या नंबरांत बोलतात. ६३१ म्हणजे लाइट ग्रे, २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. कमीत कमी डबा अर्ध्या लिटरचा. रणगाड्याला लागणार दहा मिलिलिटर. उरलेल्यात बाल्कनीचं ग्रिल, गॅस सिलिंडरची ट्रॉली आणि शेजाऱ्याची सायकल रंगवा. एका महिन्यात तुमची बिल्डिंग शत्रूच्या विमानांना दिसेनाशी होईल.

किंवा कॅमलिन घ्या. ही शिफारस भावनिक नाही, ऐतिहासिक आहे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१मध्ये शाईची पूड विकायला सुरुवात केली तेव्हा तिचा छाप होता घोडा. पूना हॉर्सच्या रणगाड्याला घोडा छाप घराण्याचा रंग! याहून अचूकता कुठून आणणार?

तिसरी पद्धत सर्वांत खात्रीची: घरातल्या बाईला विचारा. जिनं साडीचा फॉल एक छटा गडद निघाला म्हणून सीताबर्डीला जाऊन बदलून आणला, तिच्यापुढे ब्रिटिश मानकांची काय टाप? बाटली दाखवा. ती क्षणात सांगेल, हा शेवाळी नाही, मेंदीकडे जातोय. परदेशी जाणकारांना एवढ्यासाठी अख्खी पुस्तकं लिहावी लागली.

रंग एकदा ठरला, की तो फिका करा. होय, आत्ताच ठरवलेला. याला प्रमाणाचा परिणाम म्हणतात. दीड फुटावरून तुमचा रणगाडा बघणं म्हणजे खरा रणगाडा साडेबावन्न फुटांवरून बघणं, आणि मधल्या हवेमुळे लांबचा रंग फिकट दिसतो, म्हणून तेवढं पांढरं मिसळायचं. किती? यावर एकमत नाही. अचूक छटा शोधण्यात तीन महिने घालवा आणि मग तिच्यात अंदाजानं पांढरं ओता. या पायरीवर काही जण छंद सोडून भजनी मंडळात जातात.

६. कॅमोफ्लाज करा

आता पट्टे. आधी थोडा इतिहास, म्हणजे हात थरथरणार नाही.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ला, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर. तो रंगवायला ब्रिटिशांनी कुणाला बोलावलं? सॉलोमन जोसेफ सॉलोमन यांना. रॉयल अकॅडमीचे मान्यवर चित्रकार, मोठमोठ्यांची व्यक्तिचित्रं काढणारे. त्यांनी मन लावून हिरवे, तपकिरी, अगदी गुलाबीसुद्धा पट्टे ओढले. रणगाडे आघाडीवर गेले, खड्ड्यांत उतरले, आणि बघता बघता सगळे चिखलाच्या एकाच रंगाचे झाले. अकॅडमीची कला चिखलाखाली गेली. पुढे सरळ एकच तपकिरी रंग फासायला लागले.

पुढच्या महायुद्धात जर्मनांनी वेगळा मार्ग काढला. १९४३च्या फेब्रुवारीपासून रणगाडे पिवळट रंगात येऊ लागले, आणि सोबत लाल-तपकिरी व हिरव्या रंगाच्या घट्ट पेस्टचे डबे. पट्टे तुमचे तुम्ही मारा. पेट्रोलमध्ये कालवा, नाहीतर पाण्यात. स्प्रे असेल तर स्प्रे, नसेल तर ब्रश, तोही नसेल तर काठीला गुंडाळलेलं फडकं. विशीतली दमलेली पोरं, डोक्यावर विमानं, हातात फडकं. त्यांनी जे फटकारे मारले ते आज तुम्ही शून्य नंबरच्या ब्रशनं, भिंग लावून, एक एक करून उतरवायचे आहेत. जरा इकडे-तिकडे झालं तर ‘ऐतिहासिकदृष्ट्या चूक’.

पट्ट्यांच्या कडा नेमक्या याव्यात म्हणून परदेशी लोक मऊ पुट्टीच्या वळ्या चिकटवून मध्ये रंग मारतात. ती पुट्टी महाग पडते. इथे कणीक वापरा. घट्ट मळा, वळ्या करा, रणगाड्यावर नागमोडी लावा, रंग फवारा, लगेच काढा. ‘लगेच’ हा शब्द अधोरेखित समजा. रात्रभर ठेवलीत तर पहाटे फामागुस्तावर लाल मुंग्यांची एक अख्खी ब्रिगेड चढलेली दिसेल. उलट बाजूनं बघितलं तर ते दृश्य जास्त खरं वाटतं.

तुम्ही म्हणाल, फामागुस्ताला पट्टे होते का? छान! तुम्हाला प्रश्न पडू लागले. फोटो काळा-पांढरा आहे. पाचवी पायरी पुन्हा वाचा.

७. खुणा आणि नाव

खुणांचं काम दोन रीतींनी होतं.

एक, संचासोबत येणारी पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं, म्हणजे डेकल. लहानपणी च्युइंगमसोबत मिळायचा तो हातावर उमटवायचा टॅटू आठवा, फक्त हा दोनदा येत नाही. मॅट रंगावर डेकल लावलं तर खाली हवा अडकते आणि ते चंदेरी चमकतं. म्हणून आधी रणगाड्याला ग्लॉस वार्निश, त्यावर डेकल, ते बसावं म्हणून थोडं व्हिनेगर, आणि शेवटी सगळ्यावर पुन्हा मॅट. थोडक्यात, जो रंग मुळात चकचकीत होता तो तुम्ही मॅट केला, मग चकचकीत केला, मग पुन्हा मॅट. फौजेनं एवढ्या वेळात रेजिमेंट बदलली असती.

ब्रिटिशांकडून आलेली पद्धत लक्षात ठेवा: ए स्क्वाड्रनला त्रिकोण, बीला चौकोन, सीला वर्तुळ, मुख्यालयाला तिरपा चौकोन. खेत्रपाल ए स्क्वाड्रनचे. त्रिकोण काढा. तोही नीट जमत नसेल तर रणगाडा सी स्क्वाड्रनला बदली करून टाका. वर्तुळ झाकणाच्या कडेनं ओढता येतं.

दुसरी रीत म्हणजे हायवेवरचा रेडियमवाला. ‘नंबर जेएक्स २०२ आणि नाव फामागुस्ता, अक्षरं अडीच मिलिमीटर’ असं सांगा. तो तुमच्याकडे बघेल, मग रणगाड्याकडे, मग पुन्हा तुमच्याकडे.

‘भाऊ, इतलं बारीक कोन वाचनार?’

‘कुणी वाचू नये म्हणूनच.’

‘मंग लिहून काऊन रायले?’

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. चांगल्या चांगल्या जनरलांना ते देता आलेलं नाही. तो भला माणूस आहे, काम करून देईल. मात्र मागे ‘आई-बाबांची पुण्याई’ टाकू का, असं तो विचारणारच. नम्रपणे नाही म्हणा. मागून ‘हॉर्न ओके प्लीज’ सुचवलं तर सांगा, महाराष्ट्रात ते २०१५पासून बंद आहे. ‘एमएच ४०’ घालू का, म्हणाला तर गप्प राहा. एकदा एमएच ४० लावलं की रणगाडा नागपूर ग्रामीणचा झाला, आणि १ एप्रिल २०१९च्या आधीचं वाहन म्हटल्यावर त्याला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. ती साडेआठ इंचात बसवायची कुठे?

८. नवा रणगाडा जुना करा

इथवर तुमचा रणगाडा स्वच्छ, नेटका, सुबक दिसतो आहे. म्हणजे काम बिघडलं. आता तो खराब करायचा आहे, आणि खराब करण्याचं साहित्य रंगवण्याच्या साहित्यापेक्षा महाग असतं.

गंजासाठी मिठाची पद्धत वापरा. खालचा रंग गंजाचा मारा, ओलं करून मिठाचे दाणे चिकटवा, वरून हिरवा मारा, वाळल्यावर दाणे खरवडा. दाण्यांच्या जागी गंज उघडा पडतो. मीठ जाडं घ्या. स्वयंपाकघरातून नेताना ‘रणगाड्याला हवंय’ असं खरं सांगा. खरं कुणाला पटत नाही, म्हणून कुणी अडवत नाही.

ओरखडे काढताना हिशेब विसरू नका. तुमच्या ब्रशचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. नवशिक्याच्या रणगाड्यावरचे ओरखडे मोजले तर असं वाटतं की पन्नास टनांचा सेंच्युरियन शत्रूशी नाही, बिबट्याशी लढून आला. पण हात थांबत नाही, हे मलाही मान्य आहे. एक ओरखडा छान आला की दुसरा काढावासा वाटतो. सकाळी भंगारवाला खालून जाताना वर बघून थांबला, तर समजा आता पुरे.

सांध्यांत मळ साचलेला दिसावा म्हणून बर्न्ट अंबरचा ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून सोडा. तो आपोआप फटींत जाऊन बसतो. संपूर्ण छंदात स्वतःहून योग्य जागी जाणारी ही एकच गोष्ट आहे, तिचा आदर करा.

आणि आता धूळ. बुटीबोरीकरांनो, ही तुमची पायरी. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवा, झाली सोय. ट्रकांची धूळ, बांधकामाची, कारखान्यांची, सगळी मिळून इतकी बारीक दळलेली असते की परदेशी डबी तिच्यापुढे जाडी भरडी वाटावी. फक्त शेतातली काळी माती आणू नका. ती विदर्भाची, कपाशीची. शकरगडच्या आघाडीवर गाळाची फिकट माती आहे. काळी माती चाकांना लावलीत तर जाणकार माणूस दुरूनच म्हणेल, हा रणगाडा बसंतर ओलांडून आला नाही, हिंगणघाटच्या बाजारातून आला.

९. तज्ज्ञांना सामोरे जा

नागपूरच्या आसपास हा छंद करणं म्हणजे हलवायासमोर लाडू वळणं. अंबाझरीला आयुध कारखाना, तसाच भंडाऱ्याला, तसाच भद्रावतीला. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं कोठार. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र. प्रत्येक कुटुंबात यांपैकी एका ठिकाणाहून निवृत्त झालेले एक काका असतात. ते येतील. चष्मा वर करतील. म्हणतील, ‘आमच्या काळी हिरवा असा नव्हता.’

काकांनी तिथे तीस वर्षं पगारपत्रकं केली, हे तुम्हाला माहीत आहे. तरी मान हलवा. त्यांना खुर्ची द्या, तर्री-पोहे द्या. पोहे संपेपर्यंत ते हिरव्याबद्दल बोलतील, मग पेन्शनबद्दल. पेन्शनबद्दल त्यांना खरोखर माहिती असते.

१०. मांडा

रणगाडा शोकेसमध्ये ठेवा. काच बंद करा. दिवा लावा. कुणी आलं की दिवा आपोआप लागल्यासारखा दाखवा.

आता फडक्यापासून सावध. तुम्ही चार महिने घालून बसवलेली धूळ आणि बुटीबोरीची रोजची धूळ यांतला फरक घरात फक्त तुम्हाला कळतो. दिवाळीच्या आवराआवरीत एखाद्या दुपारी आई काच उघडेल, ओलं फडकं घेईल आणि प्रेमानं बसंतरची सगळी धूळ पुसून काढेल. तुम्ही शिफ्टवरून याल तेव्हा फामागुस्ता कारखान्यातून निघाल्यासारखा लखलखत असेल. ‘किती घाण झाला होता रे तो,’ ती म्हणेल. बाहेर जा, चौकात एक चहा घ्या, परत या. ओरडायचं नाही. मुळातला डीप ब्रॉन्झ ग्रीन चकचकीतच होता. नकळत तिनं तो तुमच्यापेक्षा जास्त अचूक करून ठेवला आहे.

शोकेसला कुलूप लावा असं पुस्तकं सांगतात. माझा सल्ला वेगळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. तान्हा पोळा विदर्भात भोसल्यांच्या काळापासून चालत आला आहे. त्या दिवशी पोट्टे चाकांचे लाकडी नंदी दोरीनं ओढत निघतात. नंदी असे रंगवलेले असतात की चार गल्ल्यांपलीकडून दिसावेत: पिवळी शिंगं, लाल झूल, डोळ्यांत काजळ. छटा कोणती, प्रमाण किती, अचूकता कुठली, एक जण विचारत नाही. दारोदारी सजावट बघतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात. रोख.

फामागुस्ताला चाकं आहेत. तोफेला दोरी बांधता येते. शेजारचा पोट्टा चालवायला तयार होईल, अर्धा बोजारा त्याचा असं आधीच ठरवा. शिंगं नाहीत म्हणून कुणी अडवलं, तर सांगा: लपवली आहेत, कॅमोफ्लाज आहे.